वेळापत्रकातला ठिपका

आमच्या शेजारच्या दारात राहणारी बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे असतात, गिऱ्हाईक फ्रेम घालून मान इकडेतिकडे वळवून बघतं, तिथं ती कधी दिसायची नाही. मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिथल्या यंत्रावर पाण्याची बारीक धार सोडून काच फ्रेमच्या मापाची घासायची, कडा गुळगुळीत करायच्या आणि मग फ्रेममध्ये बसवायची, हे काम ती बारा वर्षं करत होती. तिच्या बोटांची टोकं कायम पाण्यातून नुकतीच काढल्यासारखी सुरकुतलेली असत. वय पस्तीस. तरी आमच्या इमारतीत लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणायचे, कारण तिच्या घरात दोन मुलं होती आणि त्यातली थोरली तिला दिवसभर जिन्यावरून त्याच नावानं हाका मारायची. मीही म्हणायचो, आणि मी तर तिच्याहून तीस वर्षांनी मोठा.

धाकटा मात्र तिला आई म्हणायचा.

मुलं तिच्या मोठ्या बहिणीची. बहीण तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली, तेव्हा थोरली साडेचार वर्षांची होती आणि धाकटा जेमतेम चौदा महिन्यांचा. त्यांचा बाप बंदरावर क्रेन चालवायचा. आज या बंदरावर, तर तीन महिन्यांनी दुसऱ्या. दोन लहान पोरांना घेऊन तो कुठे जाणार? ‘थोडे दिवस सांभाळ,’ म्हणून त्यानं मुलं मेहुणीकडे आणून ठेवली. ते थोडे दिवस चार वर्षं चालले. मधल्या काळात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसानं तिला लग्नाचं विचारलं होतं. मुलं जरा मार्गी लागू देत, म्हणाली. तो वर्षभर थांबला, मग थांबला नाही. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं.

मुलांना तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं. धाकटा तर तिच्या अंगावरून उतरायचाच नाही, म्हणून त्याचं नाव मुंगळा पडलं. भाजी चिरताना पाठीवर, फोनवर बोलताना कडेवर. पाच वर्षांचा घोडा झाला तरी तेच.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी मुलांचा बाप आला. अधूनमधून यायचा, पण या वेळी सोबत खेळणी नव्हती. मुलांना माझ्याकडे बसवून ते दोघं तासभर बोलले. तो गेल्यावर मावशी मुलांना न्यायला आली, ती उंबऱ्यातच उभी राहिली.

त्याला एका मोठ्या बंदरावर कायमची नोकरी मिळाली होती. लग्न तर त्यानं वर्षापूर्वीच केलं होतं, औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईशी. आता घर मिळालं होतं, घराजवळ शाळा होती. सुट्टी संपली की मुलं न्यायची. फक्त तिथल्या शाळेत घेण्याआधी लहानशी परीक्षा असते. मुंगळ्याला अक्षरं आणि शंभरपर्यंत आकडे यायला हवेत, थोरलीला धडधड वाचता यायला हवं. आणि थोरलीचं वाचन म्हणजे आनंदच होता. तिच्या बाई दर वेळी वहीत लिहून पाठवायच्या, ‘लक्ष नसते. अंदाजाने वाचते.’

“काका, तुम्ही शाळेतले,” मावशी मला म्हणाली. “सुट्टीत घरीच शिकवायचं, तर वेळापत्रक कसं करतात?”

मी शाळेत एकतीस वर्षं काढली हे खरं, पण कारकून म्हणून. वेळापत्रकं मी शेकड्यांनी टाईप केली. शिकवायला म्हणून वर्गात पाऊल ठेवलं नाही. तरी मान मिळत असेल तर कोण सोडतं? दुसऱ्या दिवशी पट्टी आणि तीन रंगांची पेनं घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसलो. तिनं दुकानातून पुठ्ठा आणला होता, एका बाजूला चष्मा घातलेल्या सुंदर बाईचं चित्र आणि मागची बाजू कोरी. आम्ही सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी आखल्या. वाचन, शुद्धलेखन, पाढे, चित्रकला, निसर्ग, पुन्हा वाचन, व्यायाम. बघून मलाच धाप लागली.

थोरलीनं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, “यात ‘काही नाही’ कधी आहे?”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काही करायचं नाही तेव्हा.”

मी हसलो. मावशी हसली नाही. ती म्हणाली की दिवस फक्त बावन्न आहेत. बावन्न हा आकडा तिनं आधीच मोजून ठेवला होता.

सुट्टी लागल्यावर ते वेळापत्रक चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी मुंगळा टेबलाखाली जाऊन बसला आणि मी आता इथंच राहणार, जेवणसुद्धा इथंच द्या, म्हणाला. थोरली पाढे म्हणता म्हणता रडायला लागली. मावशी दुपारी एकला दुकानात जायची ती उसासे टाकतच गेली. माझ्याकडे मुलं दुपारची असायची. मी त्यांना एका जागी बसवायला गेलो आणि स्वतःच पेंगलो. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, खाली उतरलं की कळतं.

मग रविवारी तिनं पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवला आणि एकटीनंच नवं वेळापत्रक लिहिलं. त्यात अगदी मोजकं होतं. सकाळी नाश्ता झाल्यावर वाचन. मग आकडे. मग एक हाताचं काम, म्हणजे भांडी पुसणं, बटण लावणं, नाडी बांधणं, जे पुढं त्यांना स्वतःचं स्वतः करावं लागेल ते. अकरा ते बारा चक्क ‘काही नाही’. बारा वाजता आंघोळी. दुपारी चार ते सहा माझ्याकडे ‘प्रश्न’, म्हणजे मुलांनी मला, त्यांच्या शाळेआजोबाला, वाट्टेल ते विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं किंवा मला येत नाही म्हणून कबूल करायचं. बहुतेक दिवस कबूलच करावं लागायचं.

आणि आंघोळीनंतर, जेवणाआधी, दहा मिनिटांची एक चौकट होती. तिच्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त निळ्या पेनाचा एक ठिपका. लिहायचं राहिलं असेल असं मला वाटलं.

हे नवं वेळापत्रक चाललं. मुंगळा दुकानातले निकामी स्क्रू वाटीत घेऊन मोजायचा, दहा दहाच्या राशी करायचा. तिळाएवढे ते स्क्रू. एक हरवला की जमिनीवर पालथं पडून शोध चालायचा, आणि नव्याण्णववर अडल्यावर हरवलेला शंभरावा स्क्रू सापडला तेव्हा त्यानं मला जिन्यातून ओरडून बातमी दिली होती. थोरलीचं वाचन मात्र तिथंच होतं. घरचं ती धर करायची, भातचं मात. मावशी आधी समजावायची, मग चिडायची. “अंदाज करू नकोस, बघून वाच,” हे वाक्य मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मावशी थोरलीला वाचायला बसवून भांडी लावत होती. सहज वळून बघितलं तर थोरलीनं एक डोळा तळव्यानं झाकला होता, मान खांद्यावर पाडली होती आणि तशी ती हळूहळू का होईना, बरोबर वाचत होती. मावशीच्या हातातली ताटली हातातच राहिली. त्याच दिवशी ती तिला दुकानात घेऊन गेली. तिथं डोळे तपासणारे डॉक्टर येतात, त्यांनी दोन्ही डोळ्यांना नंबर सांगितला. साधा नाही, तिरका. ज्यात अक्षराची एक रेघ दुसरीवर पसरून दिसते. जन्मापासूनच असावा, म्हणाले.

“बारा वर्षं मी लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवतेय,” ती मला म्हणाली. “आणि घरातल्या पोरीला म्हणत होते, बघून वाच.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इतकी वर्षं आमच्या शाळेतही मागच्या बाकावर अशी किती मुलं बसली असतील, हे माझ्या मनात आलं.

थोरलीच्या चष्म्याच्या काचा तिनं स्वतः घासल्या. तिरक्या नंबराची काच फ्रेममध्ये बसवताना कोन जरा चुकला तरी सगळं वाकडं दिसतं, म्हणून तिनं एक काच टाकून दुसरी घेतली. चष्मा घालून थोरली खिडकीशी गेली आणि समोरच्या दुकानाची पाटी, तिच्याखालची बारीक अक्षरं, खांबावर चिकटवलेली जाहिरात, सगळं एका दमात वाचत सुटली. मग मागं वळून म्हणाली, “मावशी, तुझ्या हनुवटीवर तीळ आहे.”

त्यानंतर वाचन असं काही धावलं की विचारू नका. दहा दिवसांत गोष्टीचं पुस्तक संपलं. मी कौतुक केलं तर मावशी म्हणाली, “हो. आता ती तिथं कुठं अडणार नाही.” आणि लगबगीनं आत गेली.

राहून राहून मला त्या ठिपक्याचं कुतूहल होतं. एकदा विचारलंच. तिनं मुलं लांब आहेत ना ते बघितलं आणि मग सांगितलं. भाऊजींचा फोन आला होता. त्यांनी चाचरत विषय काढला होता, की मुंगळा तुला आई म्हणतो. इथं आल्यावर घरात एक आई, फोनवर एक आई, शाळेत विचारतील, पोराचा गोंधळ होईल. मग त्यांच्या बायकोनं फोन घेतला आणि म्हणाली, त्याला काही सांगू नका, त्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, माझं काही नाही. त्याला कशाची भीती वाटते, झोपताना दिवा लागतो का, दूध कसं आवडतं, असं सगळं विचारून तिनं लिहून घेतलं.

“वाईट असती तर बरं झालं असतं, काका,” मावशी म्हणाली. “तिला दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.”

त्या बाईनं नको म्हणूनही हिनंच ठरवलं होतं. जायच्या दिवशी त्याच्याकडून आई सुटण्यापेक्षा आधी सुटलेली बरी, असं तिचं म्हणणं. म्हणून रोजची दहा मिनिटं. ती मुंगळ्याला समोर बसवायची, बहिणीचा फोटो दाखवायची. ही तुझी आई. हिनं तुला जन्म दिला. मी हिची बहीण, म्हणजे तुझी कोण? मुंगळा फोटो नीट बघायचा आणि सांगायचा, “ही फोटोतली आई. तू घरातली.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो हट्ट करत नव्हता. त्याला ते तसंच दिसत होतं.

मी तिला म्हणालो, कशाला जिवाला त्रास करून घेतेस, पोर आहे, आपोआप होईल. ती म्हणाली, आपोआप झालं तर त्याला वाटेल मी त्याला टाकलं. शिकवलं तर वाटेल की शिकवलं. मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

दहा मिनिटांनी काही होईना, तेव्हा तिनं ओ द्यायचं बंद केलं. त्यानं आई म्हटलं की ती ऐकूच आलं नाही असं दाखवायची; मावशी म्हटलं की लगेच वळायची. मुंगळा सुरुवातीला मोठ्यानं हाक मारायचा, मग तिची साडी ओढायचा. त्याला तो खेळच वाटला असावा.

जायला अकरा दिवस उरले असताना तो जिन्यात पडला. मी दारातच होतो. वरून चौथ्या पायरीवरून घसरला आणि गुडघा सोलवटून खाली बसला. पहिल्यांदा आवाज फुटेना, मग एकदम, “आई.”

मावशी दारात आली. मला वाटलं धावेल. ती धावली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. तिच्या हाताच्या शिरा मला इथून दिसत होत्या. मी उठायला लागलो तर तिनं नजरेनंच मला थांबवलं. मुंगळा रडायचा थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. असं पोरानं कुणाकडे बघू नये. आणि मग अगदी हळू, विचारल्यासारखं, तो म्हणाला, “मावशी?”

दोन पायऱ्या एकदम उतरून तिनं त्याला उचललं.

थोरली हे सगळं आतून बघत होती. चार दिवस ती मावशीशी बोलली नाही. वाचायची, आकडेमोड करायची, ताट उचलून ठेवायची, पण एक शब्द नाही. पाचव्या दिवशी माझ्याकडे ‘प्रश्न’च्या वेळेला तिनं विचारलं, “शाळेआजोबा, मोठी माणसं मुद्दाम वाईट का वागतात?” मी म्हणालो, मला येत नाही. या वेळी ते कबूल करताना लाज वाटली.

खरं तर त्या पडण्याच्या संध्याकाळीच मावशीचा धीर सुटला होता. तिनं वेळापत्रकातल्या त्या चौकटीवर कागदाचा तुकडा चिकटवला, मुंगळ्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं की राजा, चुकलं माझं, तुला हवं ते म्हण, आई म्हण. त्यानं मान डोलावली. गुडघ्यावरच्या पट्टीचं टोक उचकटत बसला. आणि म्हणाला, “मावशी, हे दुखतंय.”

त्यानंतर तो एकदाही चुकला नाही. झोपेत नाही, खेळताना नाही, घाईत नाही. पाठ झालं होतं. तिनंच शिकवलं होतं आणि आता तिला ते पुसता येईना. राहिलेले दिवस ती त्याला उगीचच हाका मारायला लावायची. पलीकडच्या खोलीत जाऊन बसायची, की कधीतरी चुकून आई म्हणेल. मला भिंतीतून ‘मावशी’ ऐकू यायचं, पुन्हा पुन्हा, स्वच्छ उच्चारात.

बाप न्यायला आला तेव्हा सामान तयार होतं. प्रत्येक कपड्यावर तिनं आतून खूण शिवली होती. चष्म्याची एक जादा जोडी, फडकी, बारीक पेचकस आणि स्क्रू असं एका डबीत घालून थोरलीला ते कसं वापरायचं ते शिकवलं होतं. क्रेनवर बसणारा तो आडदांड माणूस, पण त्याला सोफ्यावर नीट बसता येईना. तिचे आभार कसे मानावेत ते त्याला कळत नव्हतं. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पाण्याचा पेला उचलला. तो वाईट नव्हता. त्याचीच तर मुलं होती.

निघताना थोरलीनं मावशीला मिठी मारली ती सोडेना. चष्मा वाकडा झाला, तो मावशीनं सरळ करून दिला. मुंगळा बापाच्या कडेवर होता, नवीन बूट घातलेला, खूश. त्यानं टाटा केला. ती खिडकीत उभी राहिली नाही. गाडी वळायच्या आत पर्स घेऊन दुकानात निघून गेली, कारण एक वाजत आला होता.

दोन दिवसांनी फोन आला. दोघंही परीक्षेत पास. थोरलीनं अख्खं पान न अडखळता वाचलं, मुंगळा शंभरावर न थांबता पुढं मोजत सुटला, शेवटी बाईंनीच पुरे म्हटलं. मावशीनं येऊन मला हे सांगितलं, आणि सांगता सांगता जमिनीवर बसली. जिथं उभी होती तिथंच, दाराच्या आत, पायपुसण्यावर. तिच्या तोंडून निघाला तो आवाज मी माझी बायको गेली त्या दिवशी माझ्या तोंडून ऐकला होता. मी तिच्या शेजारी बसलो. दुसरं काय करणार?

तिनं दुकानात सकाळचीही पाळी मागून घेतली. घर दिवसभर बंद राहायला लागलं. फोन आधी रोज व्हायचा, मग रविवारच्या रविवारी. मुंगळा दोन वाक्यं बोलून पळायचा.

पुढच्या सुट्टीत मुलं आठ दिवस आली. चांगली वाढली होती, स्वच्छ, गालांवर तेज. मुंगळा आल्या आल्या खुर्चीवर बसला आणि पाय हलवत राहिला. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण कुठं आहे ते त्यानं विचारलं. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “पाणी घेऊ का?”

मावशीनं संध्याकाळी मला सांगितलं. “चांगलं वळण लावलंय हो तिनं. विचारून घेतो.”

त्याच्या पुढच्या सुट्टीत थोरली एकटीच आली. मुंगळ्याला पोहण्याच्या वर्गात घातलं होतं, तो बुडवून चालत नाही म्हणे. मावशी तिला स्थानकावरून घेऊन आली, बॅग खाली ठेवली आणि तिथं उभ्या उभ्याच विचारायला लागली. पाणी किती खोल असतं, शिकवणारे किती जण असतात, काठावर कुणी उभं राहतं का, कानात पाणी जातं का, बाहेर आल्यावर लगेच अंग कोण पुसतं. थोरलीनं चष्मा वर सारत एकेकाचं उत्तर दिलं. पाणी छातीइतकं. शिकवणारे दोन. काठावर आई असते. अंग तो स्वतःच पुसतो.

मग विचारण्यासारखं काही उरलं नाही, आणि मावशी तिच्यासाठी दूध गरम करायला आत गेली.